मावेल तेवढं पीठ

जुन्या घरांतून पाककृतींची एखादी वही हमखास निघते. कधी ती लग्नात आहेर म्हणून आलेली डायरी असते, कधी शाळेची अर्धी कोरी राहिलेली वही. कोपऱ्यांना तेलाचे डाग, मधे कुठेतरी हळदीचं बोट. शंकरपाळ्यांच्या पानावर दूध, तूप आणि साखर वाटी-वाटी घ्यायला सांगितलेलं असतं आणि पुढे एवढंच लिहिलेलं असतं: मावेल तेवढं पीठ घालावं. नव्याने स्वयंपाकाला लागलेली मुलगी इथे अडते. मावेल तेवढं म्हणजे किती?

तिला वाटतं, लिहिणारीने टाळाटाळ केली. वास्तविक त्या पानावरची सर्वांत नेमकी सूचना तीच आहे. पीठ किती ओलावा पिईल, हे गहू नवा की जुना, दळण बारीक की जाड आणि हवा कोरडी की पावसाळी यावर ठरतं. दरवर्षी ते बदलतं. गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबायचं, हे हाताला कळतं. वहीत ते लिहिलं नाही, कारण ती वही जिच्यासाठी लिहिली ती शेजारीच उभी असायची. आज ती पुण्यात, बंगळुरात किंवा थेट दुसऱ्या देशात असते आणि वही मात्र तीच आहे.

मराठी घरातली ही विद्या कागदावर आणायचे प्रयत्न तसे जुने. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं. त्या काळी घरात धान्य मोजायचं ते चिपट्या-मापट्याने. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मग १९५८ पासून देशात दशमान वजनमापं लागू होऊ लागली आणि शेराचा हिशेब शिकलेल्या बाईला किलोचा हिशेब करावा लागला. अशा वेळी, १९७० साली, कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' निघालं. त्यात कमलाबाईंनी साध्या वाटीचं आणि चमच्याचं माप धरलं. वाटी प्रत्येक घरात असते, आणि ती लहान असो की मोठी, एकाच वाटीने सगळं मोजलं तर प्रमाण चुकत नाही. एवढी साधी युक्ती, पण लग्न होऊन परगावी गेलेल्या किती मुलींना तिने तारलं! पुस्तकाचा खप लाखावर गेला तेव्हा लोक कमलाबाईंना सव्वा लाख सुनांची सासू म्हणू लागले. मराठी स्वयंपाकघरातला हा मोठाच बदल होता आणि त्याचं श्रेय अजून पुरेसं दिलं गेलेलं नाही.

तरीही वाटीला सगळं मोजता येत नाही. चकलीच्या भाजणीचं उदाहरण घ्यावं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, अर्धी मुगाची, वर मूठभर धने आणि थोडे जिरे, असं प्रमाण बऱ्याच घरांत चालतं. एखाद्या घरी त्यात पोहे पडतात. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. उडीद जास्त झाला तर चकली कडक होते. पिठाइतकंच पाणी उकळून त्यात मोहन, तीळ, तिखट, मीठ घालायचं, पीठ वैरायचं आणि झाकून ठेवायचं. मोहन कमी पडलं तर चकली दाताला ऐकत नाही. जास्त झालं तर ती कढईतच विरघळू लागते. म्हणून जाणती बाई आधी एकच चकली तळून बघते आणि मग पुढचा घाणा घालते. तेलातले बुडबुडे शांत झाले की चकली आतपर्यंत तळली गेली, कारण बुडबुडे म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारं पाणी.

अनारशाचा तोरा याहून वेगळा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून पंच्यावर सावलीत पसरायचे आणि किंचित दमट असतानाच कुटून बारीक चाळायचे. त्यात जवळजवळ बरोबरीने गूळ किंवा पिठीसाखर मळून गोळा काही दिवस डब्यात मुरत ठेवायचा. अनारसा खसखशीवर थापतात आणि तुपात एकाच बाजूने तळतात. वरची बाजू झाऱ्याने तूप उडवून शिजते, म्हणून तिला जाळी पडते. गोड जास्त झालं किंवा पीठ फार ओलं राहिलं तर तो कढईत पसरून फुटतो. तेव्हा घरात म्हणतात, अनारसा हसला. सकाळपासून चुलीशी उभ्या राहिलेल्या बाईच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी असतं. उपाय म्हणजे थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळून पुन्हा एक टाकून बघणं.

दिवाळीचा फराळ चार दिवसांचा. पण घरगुती कारखान्याचा खरा हंगाम उन्हाळा. कोकणात पावसाच्या तोंडाला आगोट म्हणतात आणि तिच्यासाठी साठवण करणं म्हणजे आगोटीची बेगमी. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत हा पोर्तुगिजातून आलेला शब्द आहे. सुकी मासळी, आमसुलं, फणसाची आणि आंब्याची साठं, मिरच्या, सगळं मे अखेरपर्यंत डब्याबरण्यांत पोचायला हवं. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकही याच उन्हात वर्षाचा मसाला करतात. बियरच्या गडद बाटल्यांत तो दाबून भरायचा, म्हणून त्याचं नावच बॉटल मसाला पडलं. मसाल्याचा रंग आणि वास उजेडाने उतरतो, तेव्हा ती गडद काच फार शहाणपणाची होती.

देशावर आणि खानदेशात चैत्र-वैशाखाच्या उन्हाची मानकरी कुरडई. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतं, आंबूस वास येऊ लागतो. मग ते वाटून, पिळून, गाळून पांढरा चीक काढायचा आणि रात्रभर ठेवायचा. पहाटे वर आलेलं पाणी ओतून टाकलं की तळाशी घट्ट चीक बसलेला असतो. मग चूल पेटते. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात आधण आलं की मीठ आणि हिंग पडतं. एकजण चिकाची धार धरते आणि दुसरी लाकडी दांड्याने घोटते. हात थांबला तर गुठळी झालीच, आणि एकदा झालेली गुठळी सोऱ्याच्या भोकात अडकून सगळ्यांचा खोळंबा करते. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा होतो, दांडा जड होतो. घोटणारीच्या कपाळावरचा घाम तिची जाऊ पदराने टिपते, कारण हिचे दोन्ही हात गुंतलेले. एक दणकून वाफ काढायची आणि गरम असतानाच सोऱ्या भरायचा. गार झालेला चीक तुटतो. गच्चीवर अंथरलेल्या कागदावर ऊन यायच्या आत ओळीने कुरडया पडल्या पाहिजेत, म्हणजे पुरा दिवस मिळतो.

त्या पातेल्याभोवती वाट्या घेऊन मुलं बसलेली असतात. गरम चीक, वर दूध-साखर किंवा तेलाची धार. उरलेल्या चोथ्यातही तिखट-मीठ घालून भुसवड्या घातल्या जातात. वाळलेल्या कुरडईत किंचित ओलावा अडकून राहतो. तळताना त्याची क्षणात वाफ होते आणि कुरडई फुलून कढईभर होते.

विदर्भात याच दिवसांत सरगुंडे वळतात आणि ते आमरसाबरोबर खातात. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या हा वळवटाचा नाजूक प्रकार पूर्वी लग्नाच्या रुखवतात मानाने मांडला जाई. गव्हला म्हणजे चिमटीत वळलेला, गव्हाच्या दाण्याएवढा पिठाचा कण. शेरभर गव्हले वळायला किती दुपारी लागत असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

हीच गोष्ट मनाला लागते. घरात केलेल्या कामाला दाम नव्हता आणि म्हणून त्याची नोंदही नव्हती. याला एक ठळक अपवाद गिरगावात घडला. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं भरली. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झालं. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या बायकांनी नवं काही शिकून घेतलं नव्हतं. लाटणं त्यांच्या हातात आधीपासून होतंच. आज राज्यभर बचत गट पापड, मसाले, भाजणी विकतात आणि भाजणीच्या पुड्याला भाव मिळतो. ती करणारीच्या घरातल्यांनीही तो ओळखावा, अशी अपेक्षा चुकीची नाही.

सुईदोऱ्याचं कामही असंच अबोल. गोधडी, कुठे तिला वाकळ म्हणतात, शिवायची ती बहुधा दुपारची, जेवणं उरकल्यावर. जुनी नऊवारी म्हणजे आठ मीटरांवर कापड. दोन चांगली लुगडी वर-खाली, मधे विरलेली धोतरं आणि चादरी. सगळं जमिनीवर अंथरून सुरकुती हाताने काढायची आणि मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. मग धावदोरा. काठापासून सुरुवात करून आत आत येत चौकोनात चौकोन, दोन ओळींत बोटभर अंतर. चार बाजूंना चौघी बसल्या तर बोलत बोलत काम पुढे सरकतं. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो; एकीचा तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा, आणि तयार गोधडीवर कोण कुठे बसली होती हे वर्षांनंतरही ओळखता येतं. थरांमधे हवा धरली जाते म्हणून ऊब येते, आणि धावदोऱ्यामुळे धुताना आतल्या चिंध्यांचा गोळा होत नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच काठाकडून मध्याकडे शिवली जाते.

बाळंतिणीच्या घरी दुपटी लागत, ती सर्वांत विरलेल्या सुती लुगड्याची. नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या आणि गोधडीचं गणित बिघडलं: तो धागा घाम पीत नाही, सुईखाली सरकतो, विरतही नाही. गोधडी शिवणारे हात कमी झाले याचं हेही एक कारण आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दिवाळीतल्या मुलांच्या कारागिरीला मात्र अजून जोम आहे. बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने आवळून आकाशकंदिलाचा सांगाडा करायचा, खळीने पतंगी कागद चिकटवायचा आणि खाली झिरमिळ्या सोडायच्या. पिठाची खळ शिजवायला पाच मिनिटं लागतात, तरी डिंकाची बाटली आणली जाते. अंगणात दगड-मातीचा किल्ला उठतो, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरली की दोन-चार दिवसांत तटाखाली हिरवळ येते. शहरातल्या सोसायट्यांनी वाहनतळाच्या कोपऱ्यात किल्ल्याला जागा द्यायला सुरुवात केली, हे फार चांगलं झालं.

काही कृती तर माणसांबरोबर समुद्रापार गेल्या. कोकणातले बेने इस्राएल ज्यू लोक इस्रायलला स्थायिक झाले तेव्हा मलिदाही बरोबर गेला. पोहे, ओलं खोबरं आणि साखर यांचा हा साधा पदार्थ, शेजारी फळं मांडलेली. नवस फेडताना किंवा शुभकार्यात प्रेषित एलियाहू हन्नावींचं नाव घेऊन तो वाटतात. भात पिकवणाऱ्या किनाऱ्याची ही खूण तिकडच्या मराठी घरांत टिकून आहे.

आता नाती आजीसमोर मोबाइल धरून चित्रण करतात. ते करावंच, पण चित्रात मूठ दिसते, वजन दिसत नाही. काही घरांत यावर सोपी तोड काढली आहे. मिठाची बरणी आधी काट्यावर ठेवायची, आजीने नेहमीसारखं मीठ घातलं की पुन्हा ठेवायची. मधला फरक म्हणजे आजीची चिमूट. पिठाचा डबा, तेलाची किटली, सगळ्याला हेच. दोन-तीन वर्षांचे आकडे जमले की तिचा हात कधी सैल पडतो आणि कधी आखडतो हेही दिसू लागतं.

जुन्या वह्यांच्या समासात हे काम थोडं आधीच झालेलं असतं. भाजणीच्या पानावर निळ्या शाईत मूळ प्रमाण, शेजारी तिरक्या अक्षरात सासूबाईंनी लिहिलेलं 'मोहन कमी', त्याखाली पेन्सिलीने सुनेचं 'तांदूळ नवा, पाणी कमी लागलं', आणि अगदी तळाशी, बहुधा नातीच्या बॉलपेनने, नुसता एक आकडा: ५२ ग्रॅम.