चौदा व्होल्टचा जुना नियम

वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात स्थिरावलेला आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी भेटावयास आला होता. त्याच्याकडे आलेल्या एका स्पोर्ट्स कारच्या पडद्यावर बॅटरीचा विद्युतदाब कधी १४.८, तर कधी १२.७ व्होल्ट दिसे. दुसऱ्या एका गॅरेजने अल्टरनेटर बदलण्याचा महागडा सल्ला दिलेला. याने मात्र बदलण्यास नकार दिला, म्हणून मालक रागावलेला. "सर, माझे चुकले का?" असे त्याने विचारले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही त्याच्याकडून जे समजून घेतले आणि पुढे वाचून पडताळले, ते येथे मांडीत आहोत.

शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यात असताना १२.६ च्या आसपास. तिच्यात वीज भरावयाची तर बाहेरचा दाब याहून अधिक हवा. पूर्वीच्या डायनामोला इंजिनाच्या मंद गतीत हे पुरेसे साधत नसे. १९६० साली क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसविला आणि ही अडचण सरली. पुढे कित्येक दशके रेग्युलेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट स्थिर राखीत असे. 'इंजिन चालू, मीटरवर चौदा' हा कारागिरांचा नियम त्या काळाचा आहे आणि त्या काळापुरता तो बरोबरच होता.

आज रेग्युलेटरला आज्ञा देतो तो इंजिनाचा संगणक. बॅटरीच्या ऋण टोकाशी बसविलेला संवेदक प्रवाह, दाब व तापमान मोजून कळवितो. त्यानुसार अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकातील प्रवाह कमी-अधिक केला जातो. हा खटाटोप कशासाठी? १४ व्होल्टला १०० अँपिअर वीज द्यावयाची तर १४०० वॅट लागतात आणि मधला ऱ्हास धरता इंजिनाची सुमारे तीन अश्वशक्ती खर्ची पडते. वेग घेण्याच्या क्षणी हा भार नकोच. उलट, पाय अॅक्सिलरेटरवरून काढला किंवा ब्रेक दाबला की गाडीची गती नाहीतरी वाया जाणार. तीच विजेत साठवावी. २००७ च्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये हीच योजना होती. येणारी वीज सामावण्यास जागा राहावी म्हणून अशा गाड्यांत बॅटरी काठोकाठ भरीत नाहीत.

जनरल मोटर्सच्या पद्धतीत तर अवस्थाच ठरलेल्या आहेत. गाडी सुरू होताच थोडा वेळ १४.५ व्होल्ट, इंधनबचतीत १२.५ ते १३.१; पुढचे दिवे लावले की १३.९ ते १४.५. दाब फार वेळ खाली राहिला तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात. ते टाळण्यासाठी संगणक स्वतःहून दाब वाढवितो. थंडीतही बॅटरीला अधिक दाब लागतो. म्हणजे एकाच दिवशी एकाच गाडीवर अनेक आकडे दिसणे स्वाभाविक आहे.

मग बिघाड ओळखावा कसा? दिवे, पंखा, मागील काचेचा हीटर सारे चालू करूनही दाब चढत नसेल, उलट १२.५ च्या खाली घसरतच जात असेल, किंवा बॅटरीचा लाल दिवा लागला असेल, तर अल्टरनेटर अथवा त्याची जोडणी तपासलीच पाहिजे. १५.५ च्या वर दाब टिकून राहणे हेही तितकेच घातक.

आमच्या विद्यार्थ्याने मालकासमक्ष सर्व दिवे लावले, आकडा १२.७ वरून १४.२ वर गेला. अल्टरनेटर जुनाच राहिला. थकली होती ती बॅटरी, कारण गाडी पावसाळाभर उभी होती आणि बंद गाडीतही संगणक थोडी वीज ओढीतच असतात. त्याने त्याच जातीची नवी बॅटरी बसविली आणि तिची नोंद गाडीच्या संगणकात केली; ती न केल्यास संगणक नव्या बॅटरीला जुनीच समजून भरीत राहतो.