स्पर्धात्मक रायफल नेमबाजी आणि अल्पमोली रेड डॉट साइटची निवड

रेड डॉट साइटच्या किमतीआधी स्पर्धेचे नियम पाहणे अगत्याचे आहे. ऑलिंपिक व आयएसएसएफच्या रायफल प्रकारांत ती चालत नाही. तेथे पीप साइटच लागते. चालली असती तरी उपयोग बेताचाच होता. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो, तर २ एमओएचा लाल बिंदू तेथे सुमारे ६ मिलिमीटर जागा झाकतो. (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग.) आयपीएससी रायफल स्पर्धांच्या ओपन विभागात मात्र ती ग्राह्य आहे; मोठी लक्ष्ये अल्पावधीत टिपताना मागची-पुढची साइट जुळवण्याचे श्रम वाचतात.

या साइटमध्ये एलईडीचा प्रकाश वक्र भिंगावरून परावर्तित होतो आणि बिंदू दूर लक्ष्यापाशी असल्याचा भास होतो. त्यामुळे डोळा किंचित सरकला तरी नेम ढळत नाही, असे मानले जाते. स्वस्त साइटची खरी परीक्षा येथेच होते. रिकामी रायफल टेकूवर स्थिर ठेवून केवळ डोके हलवावे. बिंदू लक्ष्यावरून लक्षणीय सरकल्यास ती साइट नाकारावी. बिंदू फाटलेला दिसल्यास साइट गोल फिरवून पाहावी. फाटलेपणही फिरले तर दोष साइटचा, न फिरल्यास बहुधा नेमबाजाच्या डोळ्याचा. अशा वेळी महागडी साइटही निरुपयोगी ठरते. पॉइंट टू-टू रायफलचा धक्का सौम्य असल्याने तिला साधी साइट पुरते. बचत करावी ती प्रकाशाच्या जादा पायऱ्यांत, माउंटमध्ये नव्हे. सैल माउंटवर झीरो टिकत नाही.