माईक किती लांब, किती जवळ?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या व्हिडिओवर टिपून ठेवायची हौस आता अनेकांना असते. चित्र छान येते. आवाज मात्र पंख्याच्या घरघरीत बुडतो. अंधूक चित्र आपण चालवून घेतो, पण न कळलेला शब्द गेला तो गेलाच. अशा वेळी ‘शॉटगन’ माईक घ्या, असा सल्ला मिळतो. तो कसा निवडावा?

बंदुकीच्या नळीसारखा लांबट म्हणून त्याला हे नाव. नळीच्या अंगाला फटी असतात. समोरचा आवाज पुढून आणि फटींतून एकाच वेळी आतल्या पडद्यावर पोचतो. बाजूचा आवाज मात्र प्रत्येक फटीतून मागेपुढे पोचतो आणि त्याच्या लहरी एकमेकींना खोडून काढतात. म्हणजे ही काही दुर्बीण नव्हे. ती लांबचा आवाज जवळ आणत नाही, बाजूचा गलका कमी करते. तोही खर्जातला नव्हे : १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, वीतभर नळीला ती जुमानत नाही.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नाही, अंतराचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कॅमेऱ्यावरचा माईक आठ फुटांवर असेल आणि तोच बूमवर, म्हणजे लांब काठीवर, दोन फुटांवर आणला, तर १२ डेसिबलचा फायदा होतो. चौकटीच्या जरा बाहेर, वरून, बोलणाऱ्याच्या छातीकडे रोखून तो धरावा.

एकट्याने काम करणाऱ्याने कॅमेऱ्यावर बसणारा आखूड, हलका माईक घ्यावा. रबरी झोळीत टांगलेला असेल तर कॅमेऱ्याची खुडबूड कमी ऐकू येते. बूमसाठीही वजन पाहावे, हात भरून येतात. सेनहायझरचा प्रसिद्ध ‘एमकेएच ४१६’ २५ सेंटिमीटर लांब, २०० ग्रॅमहून हलका आहे आणि दमट हवेतही टिकून काम करतो. मात्र त्याला ४८ व्होल्टचा ‘फँटम’ पुरवठा लागतो. आपल्या कॅमेऱ्यात तो आहे का, हे आधी पाहावे. वाऱ्यासाठी केसाळ आवरण हवेच.

लहान, उघड्या भिंतींच्या खोलीत प्रतिध्वनी बाजूंनी नळीत शिरतात आणि बोलणे पोकळ वाटते. तिथे बिननळीचा ‘हायपरकार्डिऑइड’ बरा.

दुकानात हेडफोन लावून ऐका. माईक बाजूला वळवल्यावर आवाज नुसता लहान व्हावा, त्याचा पोत बिघडू नये. आणि पैसे मोजकेच असतील, तर साधा माईक, चांगली काठी आणि ती धरणारा सावध माणूस, एवढे पुरे.