तारखेच्या दिवशी एसटीत काय बोलावं?

शहापूर काय, मुरबाड काय, तारखेला निघालेला माणूस लपत नाही. आसनगावला लोकलमधून उतरून रिक्षात बसलेल्याच्या काखेतली फाईल बघूनच शेजारी विचारतो, ‘काय, तारीख का आज?’ वकील, त्यांचा कारकून, कोर्टातला पट्टेवाला, सगळे आजूबाजूच्या गावांतलेच. त्यामुळे कोर्टातल्या गोष्टी कुणी, कुठे आणि किती बोलायच्या, याबद्दलचे समजही एसटीतल्या गप्पांतच तयार झालेले असतात.

सगळ्यात पक्का समज म्हणजे, खटला उघड्या कोर्टात चालतो, मग वकिलाने बाहेर बोलायला हरकत काय? पहिला भाग खरा आहे. कोर्ट साधारणपणे सगळ्यांना खुलं असतं. 1966 साली मिरजकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केलं आणि न्यायासाठी गरज पडल्यास कामकाज झाकता येतं, असंही सांगितलं. तुम्ही मागच्या बाकावर बसून जे ऐकलंत ते गावात सांगू शकता. पण अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वेगळी. ती अशिलाच्या परवानगीशिवाय उघड करायला वकिलाला मनाई आहे. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. केस संपली, वकील बदलला, तरी बंधन सुटत नाही. वकिलाच्या कारकुनालाही ते लागू आहे आणि दुभाष्यालाही. चहाच्या टपरीवर ‘आमच्याकडे एक मॅटर आहे’ म्हणून सुरुवात करणाऱ्या कारकुनांना हे कुणी सांगत नाही, हेच खरं दुखणं.

मोफत मिळालेला वकील सरकारचा, त्याला सांगितलं की तहसीलदाराला कळतं, असं पाड्यांवर बोललं जातं. हा समज सर्वांत घातक. 1987 च्या विधी सेवा कायद्याने आदिवासींना, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तोही फी घेणाऱ्या वकिलाइतकाच बांधलेला असतो.

आता उलट बाजू. वकिलाला सांगितलं की सगळं झाकलं, असंही नाही. झालेला गुन्हा कबूल करून ‘मला वाचवा’ म्हटलं, तर ते संरक्षित. पण ‘या खोट्या दस्तावर जमिनीचा ताबा मिळवायचाय, दावा लावा’ म्हटलं, तर संरक्षण नाही. हे जवळपास कायद्यातलंच उदाहरण आहे. समृद्धी महामार्गानंतर जमिनीच्या वादांची सवय झालेल्या शहापूरकरांना ते ओळखीचं वाटेल. शिवाय वकिलाकडे जाताना चुलतभाऊ, सरपंच अशी अर्धी भावकी बरोबर नेली, तर त्या मंडळींना कलम 132 बांधत नाही. उद्या भावकीत फाटलं तर? आतलं बोलणं वकिलाशी एकट्यानेच करावं.

राहिला तो समज, ज्याने खरंच माणसं उद्ध्वस्त होतात: ‘नाव कुठे घेतलं? फक्त गाव सांगितलं.’ लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. निपुण सक्सेना निकालात, 2018 साली, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ओळख पटेल असा कोणताही तपशील नको, समाजमाध्यमांवरही नाही. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदा शाळा आणि शेजारसुद्धा प्रसारमाध्यमांतून उघड करू देत नाही. मुंबईत ‘अंधेरीतली एक मुलगी’ म्हटल्याने काही कळत नाही. मुरबाड तालुक्यात आश्रमशाळेचं नाव आणि इयत्ता सांगितली, की संध्याकाळपर्यंत घर सापडतं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो संदेश ‘आला तसा पुढे पाठवला’ असं म्हणणाऱ्यालाही कायद्यात वेगळी सवलत दिलेली नाही.