घरांतील नळ आणि घराबाहेरील माणूस

परवां आमचे एक वकील स्नेही मोठ्या संकटांत सांपडले. मध्यरात्रीं त्यांच्या स्वयंपाकघरांतील नळ मुळाशींच तुटला व पाणी थेट दिवाणखान्यांत शिरलें. ज्या गृहस्थांस कायद्याचीं कलमें तोंडपाठ, त्यांस स्वतःच्या घरचें पाणी बंद करण्याची मुख्य चावी कोठें आहे हें ठाऊक नव्हतें. ती न्हाणीच्या माळ्यावर होती, आणि ती दाखविली इमारतीच्या पहारेकऱ्यानें. तोंवर खालच्या कपाटांतील सारे ग्रंथ भिजले होते.

ही केवळ हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. नळ, मोरी, गटार हीं हलक्या लोकांचीं कामें, असें मानून आमच्या सुशिक्षित वर्गानें त्यांविषयींचें अज्ञान भूषणासारखें मिरविलें आहे. वस्तुतः ही विद्या सोपी आहे. घरांत पाण्याचे मार्ग दोन : एक येणाऱ्या शुद्ध पाण्याचा, दुसरा जाणाऱ्या मलिन पाण्याचा. या दोहोंची भेट होऊं न देणें हेंच तिचें सार होय.

पहिला मार्ग पाहा. नगरपालिकेचें पाणी मीटरमधून जमिनीखालील टाकींत येतें, पंपानें गच्चीवरील टाकींत चढतें व तेथून आपल्याच भारानें बिऱ्हाडोबिऱ्हाडीं उतरतें. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं नळानें आलें. परंतु आजही आमच्या बहुतेक शहरांत पाणी दिवसाचे कांहीं तासच येतें. उरलेल्या वेळीं नळ्यांत दाब नसतो, आणि नळी फुटकी असल्यास भोंवतालचें घाण पाणी आंत शिरतें. म्हणून गळती ही केवळ नासाडी नव्हे, ती रोगाची वाट होय. टाक्या भरल्यावर सर्व तोट्या बंद करून मीटर पाहावा. कांटा फिरतच असेल तर कोठें तरी गळती आहे असें खुशाल समजावें. सेकंदास एक थेंब गाळणारी तोटी दिवसास ८६,४०० थेंब दवडते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून अधिक पाणी झालें!

दुसऱ्या मार्गावरचा पहारेकरी म्हणजे ट्रॅप. न्हाणीच्या जाळीखालीं जो असतो त्यास स्थापत्यग्रंथांतही आमच्या ‘न्हाणी’वरूनच ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यांत दोनतीन बोटें पाणी सदैव उभें असतें व तें गटारांतील विषारी वायु घरांत येऊं देत नाहीं. शौचकूपाच्या नळीस असें वांकण देण्याच्या युक्तीचें पेटंट लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ सालीं घेतलें. न्हाणी बरेच दिवस न वापरल्यास हें पाणी सुकतें व दुर्गंधि सुटते. त्यावर उदबत्ती नको, तांब्याभर पाणी ओतावें.

आतां खरा मुद्दा. जाळी काढून मोरींत आम्ही खरकटें, चिंध्या, पिशव्या लोटतों. मोरी तुंबते, इमारतीचें चेंबर भरतें, आणि मग कोणी एक माणूस बोलावला जातो. तो बहुधा कोणत्या जातींचा असतो, हें सांगावयास नको. जो वायु आम्ही दोनतीन बोटें पाण्यानें घराबाहेर अडवितों, त्याच वायूंत तो उघड्या अंगानें उतरतो. कित्येक परत वर येत नाहींत. २०१३ च्या कायद्याच्या सातव्या कलमानें गटारांची व सेप्टिक टाक्यांची अशी धोक्याची सफाई करविण्यास कोणाही व्यक्तीस मनाई आहे. नवव्या कलमानें पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. ‘कोणाही व्यक्तीस’ या शब्दांत केवळ ठेकेदार येत नाहीं, गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसही येतात, हें वाचकांनीं विसरूं नये.

तेव्हां येत्या रविवारीं प्रत्येक गृहस्थानें मुलाबाळांस बरोबर घेऊन घरची मुख्य चावी, मीटर, टाक्यांचीं झांकणें आणि मोरीची जाळी हीं स्वतः पाहावीं. ज्यास आपल्या मोरीचा कारभार कळत नाहीं, त्यानें राष्ट्राच्या कारभाराच्या गोष्टी कोणत्या तोंडानें सांगाव्या? स्वराज्याचा पहिला धडा न्हाणींतही गिरवितां येतो.