7692 चं कोडं

महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरलेली वेण्णा मेढ्याला वळसा घालते आणि साताऱ्याला पोचायच्या आधी कण्हेरच्या धरणात अडते. कण्हेर 10.10 टीएमसीचं, म्हणजे तितके अब्ज घनफूट. पलीकडच्या खोऱ्यातली कोयना 105.25 टीएमसीची. पावसाळ्यात आपली सगळी चर्चा या आकड्यांवर चालते: किती भरलं, किती सोडलं. पण धरण काम कसं करतं, हे टीएमसीवरून कळत नाही. मग कशावरून कळतं?

या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने हा प्रश्न अंगावर घेतला आणि राज्यातल्या सिंचन प्रकल्पांचं 'बेंचमार्किंग' सुरू केलं. सरकारी खात्याने आपल्याच धरणांची प्रगतिपुस्तकं छापायची, हेच मुळात नवल. त्यात एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: 7692. एक हेक्टर भिजवायला वर्षाला इतके घनमीटर पाणी लागावं, हा मापदंड. इतका तिरपागडा आकडा आला कुठून? एका दलघमीत, म्हणजे दहा लाख घनमीटरमध्ये, 130 हेक्टर भिजावेत असं गृहीत धरलेलं आहे. दहा लाखांना 130 ने भागा, 7692 हातात येतात. हे पाणी शेतात एकदम उभं केलं तर सुमारे 77 सेंटीमीटर होईल, चांगलं मांडीपर्यंत.

पण भागाकार करायचा तर आधी पाणी मोजायला हवं, आणि वाहतं पाणी मापात धरायचं कसं? इथे मला सगळ्यात जास्त मौज वाटते. कालव्याच्या मुखाशी स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम बांधतात. कालव्याच्या भिंती आत घेऊन गळा आवळतात, तळाला उंचवटा देतात. संथ पाणी त्या गळ्यात शिरताच वेग घेतं, वाकून खाली घसरतं आणि पुढे गेल्यावर उसळून एक लाट जागच्या जागी उभी राहते. गळ्यातल्या या वेगामुळे खालच्या पाण्याचा दाब वर पोचत नाही, उभी लाट ही त्याचीच खूण. म्हणून फ्ल्यूमच्या वरच्या बाजूला पट्टीवर पाण्याची उंची वाचली की प्रवाह कळतो, ना मीटर, ना वीज. गंमत म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, जवळजवळ 2.8 पट होतं. पट्टी वाचताना बोटभर चूक झाली तर हिशेबात केवढं पाणी हरवेल ते बघा. या फ्ल्यूमवर ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातच क्लॉड इंग्लिस यांनी काम केलं होतं.

आता तुलना. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातलं माण कायम टँकरची वाट बघणारं. दोन्हीकडच्या धरणांना एकाच रांगेत उभं करणं म्हणजे अन्यायच. म्हणून खोऱ्यांचे आधी पाच गट पाडले: अतितुटीचं, तुटीचं, सर्वसाधारण, विपुल आणि अतिविपुल. लागवडीलायक हेक्टरमागे 1500 घनमीटरपेक्षा कमी पाणी असेल तर अतितुटीचं, 12,000 च्या वर गेलं तर अतिविपुल. धरणाची तुलना त्याच्या गटातल्या धरणांशीच. मला तरी या सगळ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा निर्णय हाच वाटतो.

तरी आकडे चकवतातच. एखाद्या कालव्याखाली पाझराच्या विहिरींवर भरपूर शेत भिजलं आणि ते कालव्याच्या खात्यात धरलं, तर हेक्टरी पाणी कमी दिसतं आणि कालवा काटकसरी ठरतो. पाणीपट्टीची वसुली झकास दिसावी तर धरणावर एखादी औद्योगिक वसाहत असली की पुरे. कारखान्याचा दर शेतीच्या दरापेक्षा कितीतरी चढा. आणि ऊस लावला की हेक्टरी उत्पन्न फुगतं, पण तेच उत्पन्न प्रत्येक घनमीटरमागे मोजलं तर चित्र पालटतं. म्हणून एकच निर्देशांक पुरत नाही. पाणी, पैसा, माणसं, चिबड होत चाललेली जमीन, सगळं वेगवेगळं मोजावं लागतं.

त्यातला एक निर्देशांक समन्यायाचा आहे. लाभक्षेत्राचे तीन भाग करायचे, हेड म्हणजे कालव्याच्या मुखाकडचा, मधला आणि टेल म्हणजे शेवटचा, आणि प्रत्येकात ठरल्यापैकी किती रान खरंच भिजलं ते पाहायचं. सरासरी उत्तम असलेल्या प्रकल्पाचं पितळ इथे उघडं पडू शकतं. आवर्तन सुटलं की आधी टेलच्या चाऱ्यांना पाणी द्यायचं आणि मग वर सरकत यायचं, ही पद्धत टेल कोरडं राहण्याच्या दुखण्यावरचा उपाय. हेडच्या ऊसवाल्यांना ती अजून पचलेली नाही.