दादोबा पांडुरंग यांचें घर

मराठी शाळेंत ज्यांनीं ज्यांनीं विभक्तींचे प्रत्यय घोकले, ते सर्व दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ऋणी आहेत. मात्र या ऋणकोंपैकीं फारच थोड्यांस धनकोचें नांव ठाऊक असतें. आम्हीं स्वतः पस्तीस वर्षें व्याकरण शिकविलें. ज्यानें पाणिनीचीं सूत्रें मुखोद्गत केलीं, त्यास मराठी व्याकरणांत शिकण्यासारखें तें काय, अशी तरुणपणीं आमची घमेंड होती. एके दिवशीं वर्गांतील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच, तर विभक्ति दोन कशाला?” आम्हीं त्यास दटावून खालीं बसविलें. उत्तर आम्हांस येत नव्हतें, हेंच खरें कारण. त्या रात्रीं जुनीं व्याकरणें चाळूं लागलों, तों दादोबांपाशीं येऊन पोहोंचलों.

दादोबांचा जन्म मुंबईस १८१४ सालीं झाला. घराणें मूळचें वसईजवळच्या तर्खडचें, जातीनें वैश्य. ज्यांस ‘मराठीचे पाणिनि’ म्हणतात ते ब्राह्मण नव्हते, हें ऐकून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. वयाच्या बाविसाव्या वर्षीं, १८३६ त, त्यांचें ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध झालें. विभक्तींचा सांचा संस्कृताचा आणि मांडणी लिंडले मरे या इंग्रजी व्याकरणकाराच्या धर्तीची. त्या सांच्यांत मराठीचें अंग ठिकठिकाणीं अवघडलें खरें, आणि पुढें कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत विद्वानांनीं त्यावर पुष्कळ ऊहापोह केला. आमच्या त्या विद्यार्थ्याची शंका याच ऊहापोहांतली!

पुढें दादोबा सुरतेस इंग्रजी शाळेवर गेले. तेथें दुर्गाराम मेहताजी या दुसऱ्या शिक्षकाशीं स्नेह जमला आणि १८४४ त ‘मानवधर्म सभा’ निघाली. चालकांपैकीं पांचांचीं नांवें ‘द’ या अक्षरानें सुरू होत, म्हणून लोक त्यांस ‘पांच दद्दे’ म्हणत. मुंबईस परतून ते शिक्षक तयार करण्याच्या वर्गावर आले, आणि १८४९ त ‘परमहंस मंडळी’ उभी राहिली. जातिभेद मोडावयाचा, पण गुपचूप! नवीन सभासदानें पावाचा तुकडा खावयाचा, आणि दारें लावून प्रार्थना म्हणावयाची. पुढें सभासदांची यादी चोरीस गेली आणि १८६० च्या सुमारास मंडळी विस्कटली. या गुप्ततेस आम्ही भ्याडपणा म्हणत नाहीं. ज्याच्या घरीं आईबाप, बायकामुलें आहेत, त्यास बहिष्काराची धास्ती पुस्तकांतली नसते, स्वयंपाकघरांतली असते.

परंतु तेंच घर पुढें उघड्यावर आलें. धाकटे बंधु भास्कर यांनीं १८४१ त, ‘एक हिंदु’ या सहीखालीं कां होईना, बाँबे गॅझेटांतून इंग्रजी राज्याच्या लुटीवर सणसणीत पत्रें लिहिलीं. दुसरे बंधु डॉक्टर आत्माराम यांच्या राहत्या घरीं १८६७ त प्रार्थना समाज स्थापन झाला. आतां दार लावण्याचें कारण उरलें नव्हतें. आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा विलायतेस शिकून आली. १८७८ त सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकुर इंग्रजीच्या अभ्यासासाठीं त्यांच्या मुंबईच्या घरीं सुमारें दोन महिने राहिले, तेव्हां शिकविणारी हीच. रवींद्रांनीं तिचें नांव ‘नलिनी’ ठेविलें. ही गुणी मुलगी १८९१ त एडिंबरोस वारली.

दादोबा स्वतः १८५२ त शाळाखातें सोडून नगरास डेप्युटी कलेक्टर झाले, तरी लेखणी मास्तरचीच राहिली. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनीं विस्तृत टीका लिहिली, ती १८६५ त निघाली. परमहंस मंडळीचा आधारस्तंभ भक्तिकाव्याचा पदच्छेद करीत बसतो, हें प्रथम आम्हांस विसंगत वाटलें होतें. टीकेचें नांव वाचलें आणि तें वाटणें ओसरलें. तिचें नांव ‘यशोदा पांडुरंगी’. यशोदा ही दादोबांची आई, पांडुरंग हे वडील.